थोरलीचा पाट

कोजागिरीला आमच्याकडे थोरल्या लेकराची आश्विनी करतात.
नवे कपडे, पाट, औक्षण, दुधाचा पहिला पेला.
काम एवढंच, की पाटावर बसायचं
आणि हलायचं नाही.
अकरा वर्षं ती थोरली मी होते.

थोरली म्हणजे पहिली आलेली,
पुलगावच्या दवाखान्यातून, एका टॉवेलात.
माझ्यामागे उमेश-नरेश, मग बेबी, मग सबीना
(नाव तेच ठेवलं; आई म्हणाली,
तेवढंच तर घेऊन आलं लेकरू),
मग तुळशीदास, जो तीन वर्षं बोललाच नाही
आणि आता गप्प बसत नाही.
मग आणखी दोन.

बाबांचं सायकलचं दुकान.
तान्ह्या पोळ्याचे बैल ते घरीच करत,
सुतारकी येत नसताना.
माझ्या बैलाचं एक शिंग वर, एक विचारात पडलेलं.
पण चाकांत सायकलचे छर्रे,
म्हणून गल्लीत आमचेच बैल पुढे.
आठ बैल, एक दोरी.
"भोयराची दावण आली," लोक म्हणत,
कोणी हसून, कोणी नुसतंच.

अखजीला बाबा घागर भरत आजोबांच्या नावाची.
शेजारी दुसरी, कोरी, बिननावाची.
"हे तुमच्या इकडच्यांची.
त्यायलेबी तहान लागतच असन."
तिच्यावर कोणाचं खरबूज ठेवायचं
यावर आमची मारामारी.

आणि श्रावणातल्या शुक्रवारी आई
जिवतीपुढे आम्हाला ओवाळून
मूठभर अक्षता चारी दिशांना टाकायची.
तशा त्या टाकतात, ज्यांचं लेकरू परगावी.
आमचे तर सगळे समोर, नाकात बोट घालून.
"कोनासाठी व आई?"
"असन कोणी रस्त्यानं."

हेमलता सोळा वर्षांची.
भुलाबाई बसल्यावर आली, यवतमाळहून,
पत्र्याची पेटी घेऊन,
चप्पल कुठे काढायची ते दारातूनच विचारत.
जेवली की स्वतःचं ताट धुवून
भिंतीला वेगळं टेकवून ठेवायची.

संध्याकाळी खिरापत ओळखायची.
डबा हलवून बेबी म्हणाली शेंगदाणे, मी म्हटलं मुरमुरे.
हेमलतानं डबा हातातही घेतला नाही.
"खोबऱ्याचा कीस. साखर जाडी.
खोबरं जरा खवट आहे."
वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सात वर्षं काढलेलं नाक.
आई हसली, आत गेली
आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मग कोजागिरी.
चंद्र पाण्याच्या टाकीवर चढलेला.
पाटाभोवती सबीनाची वाकडी रांगोळी.
माझा फ्रॉक पंधरा दिवस आधीच शिवून आलेला.
सगळे माझ्याकडे बघत होते.
नाही, पाटाकडे बघत होते.
आई तबक धरून, कुणाकडेच न बघता.
थोरलं म्हणजे आधी आलेलं की आधी जन्मलेलं,
हे ठरवायची वेळ या घरात आली नव्हती.

हेमलता चुलीशी, दूध ढवळत,
जणू त्याच कामाला तिला आणलंय.

मी मोठ्या मनाची नव्हते, सांगून ठेवते.
मला रडू येत होतं, काखेत शिवण टोचत होती.
मी जाऊन पाटावर बसले.
आणि सरकले.
अर्धा पाट नाही. चार बोटं.
"ये," म्हटलं, "दूध नरेश पाहीन."
"मी नाही मावत तिथं."
"नाहीच मावत. बस."

आईनं एकाच निरांजनानं दोघींना ओवाळलं.
हात आधी कुणाकडे वळला, ते मी पाहिलं.
सांगणार नाही.

पाटाची कड मांडीत रुतत होती.
तिच्या तर जास्तच रुतत असणार,
अर्धी ती जमिनीवरच होती.
पण दूध थंड होऊन साय धरेपर्यंत
हेमलता हलली नाही.